मेव्हण्याचं काळीज चालू ठेवलं, मग माझं का बंद करणार?

गोव्यातल्या पेडण्याकडचे एक काका, साठीच्या आसपासचे (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत). वॉल्व्हच्या, म्हणजे हृदयातल्या झडपेच्या, ऑपरेशनची तारीख मिळाली की दरवेळी काहीतरी आडवं यायचं: गावची जत्रा, भाचीचं लग्न, मग काजूचा मोसम. शेवटी सर्जननी त्यांना समजावण्यासाठी माझ्याकडे पाठवलं. सोबत काकी होत्या, मांडीवर रिपोर्टांची पिशवी घट्ट धरून.

हृदयातून साऱ्या शरीराला रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाची झडप कॅल्शियम साचून आकसली होती. भजनाला पखवाज वाजवता वाजवता काका एकदा शुद्ध हरपून कलंडले होते. अशा झडपेत शुद्ध जाण्यापर्यंत मजल गेली, की वाट बघत बसणं बहुधा ऑपरेशनपेक्षा जास्त धोक्याचं असतं. हे त्यांना तीन जणांनी तरी सांगून झालेलं. चौथ्याने तेच सांगून काही हाती लागणार नव्हतं. म्हणून विचारलं, "काका, तुमच्या मते त्या दिवशी आत काय काय होणार?"

"काय होणार? छाती उघडणार, काळीज बंद करणार. परत चालू झालं तर देवाची कृपा."

मग थोडं थांबून, काकींकडे न बघता म्हणाले, "म्हापशाला माझा मेव्हणा आहे. त्याचं बायपास डॉक्टरनी चालत्या काळजावर केलं. त्यानं पैसे भरले. मी दीनदयाळच्या कार्डावर करून घेतोय, म्हणून माझं बंद करून करणार काय?"

खरी गाठ इथे होती. सर्जनसमोर हा प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला नसता. दीनदयाळ ही सरकारी आरोग्य योजना. तिच्या कार्डावर ऑपरेशन करून घेणाऱ्यांच्या मनात ही शंका मला वरचेवर दिसते, आणि कार्डाची लाज वाटते म्हणून ती ओठांवर येत नाही.

बायपासमध्ये काम हृदयाच्या बाहेरून होतं. रक्तवाहिन्या पृष्ठभागावरच असतात. जिथे टाके घालायचे तेवढी जागा एका उपकरणाने स्थिर धरली की बाकीचं हृदय धडधडत राहिलं तरी चालतं. आपल्या देशात कितीतरी बायपास असेच होतात. झडप मात्र आत असते. तिथे पोचायला महाधमनी उघडावी लागते, आणि त्यातून रक्त वाहत असताना ती उघडणार कशी? कागदावर आकृती काढत हे सांगत होते, तेवढ्यात काकाच म्हणाले, "म्हणजे मानशीसारखं. फळी बदलायची तर आधी पाणी अडवायला पाहिजे." मानस म्हणजे खाडीकाठच्या खाजन शेतीतलं, पाणी अडवणारं फळ्यांचं दार. खाजन शेती केलेला माणूस, मला याहून सोपं सांगता आलं नसतं.

"अडवलं पाणी. पण तोवर काळजाचं काय?"

तोवर फुप्फुसांचं आणि हृदयाचं काम हार्ट-लंग मशीन करतं. माणसाच्या ऑपरेशनमध्ये ते पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं गेलं 1953 साली, अमेरिकेत. ते चालवायला वेगळा प्रशिक्षित माणूस असतो, परफ्युजनिस्ट. महाधमनीला चिमटा लावला की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत पोटॅशियम जास्त असलेलं थंड द्रावण सोडतात. बहुतेकदा ते रुग्णाच्याच रक्तात मिसळलेलं असतं. हृदय सैलावून थांबतं, ईसीजीची रेघ सरळ होते. सगळे घाबरतात ते या रेघेला. पण धडधडणं म्हणजे स्नायूची मेहनत. ती थांबली की प्राणवायूची गरज साधारण दहाव्या हिश्श्यावर येते, आणि थंडाव्याने आणखी उतरते. तेवढा वेळ रक्तपुरवठा बंद राहिला तरी स्नायू तग धरतो तो यामुळेच. थांबवणं हेच हृदयाला जपणं आहे. काकांचा स्नायू आकसलेल्या झडपेशी झगडून जाड झालेला, म्हणून द्रावण सगळीकडे पोचतंय ना, याची जास्त काळजी घ्यावी लागते. कधी ते उलट्या वाटेने, हृदयाच्या शिरेतूनही देतात. ठरावीक वेळाने पुन्हा मात्रा देतात.

या सगळ्यावर डोळे किती असतात, ते मी शरीराच्या एकेका जागेवर बोट ठेवून दाखवलं. मनगटातल्या नळीतून प्रत्येक क्षणाचा रक्तदाब, मानेतल्या शिरेत दुसरी नळी, नाकातून तापमान, लघवीचा हिशेब, अन्ननलिकेत इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, प्रोब. भूलतज्ज्ञ आणि परफ्युजनिस्ट मध्येमध्ये रक्त तपासून त्यातलं पोटॅशियम, प्राणवायू, गोठण्याची वेळ बघतात.

"आणि परत चालू?"

चिमटा काढला की गरम रक्त आत जातं, द्रावण धुऊन निघतं, आणि हृदय पुष्कळदा आपणहून सुरू होतं. नुसतं थरथरत राहिलं तर थेट हृदयालाच लहानसा झटका, दहा-वीस जूलचा. छातीवरून देतात त्याच्या मानाने फारच कमी. गती मंद वाटली तर बारीक तारांनी तात्पुरता पेसमेकर जोडतात. मशीन एकदम बंद करत नाहीत. हळूहळू कमी करत, इकोवर नवी झडप आणि हवेचे बुडबुडे बघत, हृदयाने भार उचलला की मगच. नाही उचलला तर परत मशीनवर विश्रांती देतात.

"धोका नाहीच" असं मी कुणालाही सांगत नाही. तुमच्या वयाला, किडनीला, साखरेला धरून आकडा सर्जनना विचारा, म्हटलं. मेव्हण्याशी तुलना केलीत तर उत्तर चुकीचंच येणार.

काकी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एकच विचारलं, "बाहेर बसल्यावर आम्हाला कोण सांगणार?" घरच्यांपैकी फोन कुणाला करायचा, हे मी आधीच ठरवून द्यायला लावते. काकांच्या घरून मुलीचा नंबर दिला, फोन तिलाच.

काकांची गाडी तोवर पुढे गेलेली. "वॉल्व्ह कसला घालणार? धातूचा घातला तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, म्हणजे रक्त तपासायच्या फेऱ्या. दुसरा गुराच्या काळजाच्या आवरणाचा म्हणतात. मी माळकरी माणूस..." मी थांबवलं नाही. दोन्ही प्रश्न त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवले आणि तो कागद सर्जनसाठी पिशवीत वर ठेवला. बोलताना त्यांची किडलेली दाढ दिसली होती. तोंडातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात, त्यामुळे दातांचं काम ऑपरेशनच्या आधी उरकावं लागतं. त्याच दुपारी त्यांना दंतविभागात पाठवलं.