पहिलं बिले डिव्हाइस (चढाईत जोडीदार पडला तर त्याचा दोर रोखून धरायचं साधन) कोणतं घ्यावं?

एकच घ्यायचं असेल तर गाइड मोड (वर अँकरला टांगलं की खालून चढणाऱ्याचा दोर आपोआप अडकवणारी सोय) असलेलं ट्यूब, म्हणजे दोर खाचेतून ओवायचं साधं डिव्हाइस, घे, एटीसी गाइड किंवा रिव्हर्सोच्या जातीचं. लीडरला (पुढे चढणाऱ्याला) बिले, दुहेरी दोरावर रॅपल (दोरावरून खाली उतरणं), वरून सेकंडला (मागून चढणाऱ्याला) घेणं, सगळं त्यात होतं. ग्रिग्री (झटका बसला की दोर पकडणारं डिव्हाइस) चांगलंच आहे, पण त्यात एकच दोर जातो, मग दोन पदरी रॅपलला अडतं. वजनही जास्त.

दोराची जाडी मात्र जुळवून बघ. डिव्हाइसवरच मिलिमीटरमध्ये छापलेली असते. माझा 10.5 चा जुना, फुगलेला दोर आणि डिव्हाइस बारीक दोराचं! लीडर वरून "स्लॅक, स्लॅक" (दोर ढिला सोड) ओरडतोय आणि इकडे दोर हलायला तयार नाही. उलट नवा बारीक दोर मोठ्या खाचेतून सुळकन निसटतो, ते जास्त वाईट.

गाइड मोडमध्ये दोर उलटा भरला गेला तर तो अडकत नाही. म्हणून सेकंडला निघ म्हणायच्या आधी त्याच्या बाजूचा दोर हिसका देऊन बघ. लोंबकळलेल्या सेकंडला खाली सोडणं तर भलतंच किचकट. ते जमिनीजवळ कुणा जाणत्याकडून शिकून घे. आणि ब्रेकचा हात (दोराचं मोकळं टोक धरलेला) दोरावरून कधीच काढायचा नाही, डिव्हाइस कुठलंही असो.

सोबत नाशपातीच्या आकाराचा स्क्रू-लॉक कॅराबिनर (फिरवून बंद होणारी धातूची कडी) घे. डी आकाराच्यात दोन दोरांची दाटी होते.