खोबरेल तेलाचे प्रकार कोणते? थंडीत गोठतं तेच शुद्ध का?

गोठण्यावरून शुद्धता ठरत नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं हे खरं, पण पाम कर्नल तेलाची भेसळ असेल तर तेही थिजतंच. त्यामुळे नगरच्या डिसेंबरात जी बाटली पातळच राहते तिच्यावर जरूर संशय घ्या, पण थिजलेलीला प्रमाणपत्र देऊ नका.

नगर म्हणाले, कारण सासर तिथलं. माहेर वेंगुर्ल्याकडचं. आमच्याकडे बांगड्याची तिरफळं घातलेली आमटी उतरवताना वरून कच्चं खोबरेल सोडतात. लग्नानंतर सासरी पहिल्यांदा ती आमटी केली, तेव्हा आतेसासूबाई स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. "अगं सूनबाई, डोक्याला लावायचं तेल कालवणात?" त्या दिवशी पाटावरच्या कोणी आमटीला हात लावला नाही. नंतर प्रत्येक लग्नकार्यात हा किस्सा सांगून झाला. गंमत म्हणजे आत्याबाई स्वतः डोक्याला जे लावायच्या, ते मोगऱ्याच्या वासाचं, कधीच न थिजणारं तेल. बाटलीमागची बारीक अक्षरं मी वाचली होती. पहिलं नाव मिनरल ऑइलचं, म्हणजे खनिज तेलाचं. खोबरेल त्यात नावाला.

१८ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल हे खाद्यतेलच; बाटलीवर केसांचं तेल म्हणून लिहिलं असेल तरच ते केशतेल. वाद कराचा होता, मुळात जीएसटीआधीच्या उत्पादन शुल्काचा; निकालाच्या वेळी खाद्यतेलाला ५ टक्के जीएसटी होता आणि केशतेलाला १८. पण मला त्यातून काय मिळालं ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आता प्रकार. घाण्याचं तेल सुक्या खोबऱ्याचं; रंग किंचित पिवळसर, वास भरपूर. व्हर्जिन म्हणतात ते ओल्या नारळाचं. पातळ असताना पाण्यासारखं, थिजल्यावर पांढरंशुभ्र. आमची आजी नारळाचा रस कढवून आवेल तेल काढायची, तेही ओल्या खोबऱ्याचंच, पण आचेवर शिजल्यामुळे खमंग वासाचं. त्या वासाची बाटली दुकानात सहसा दिसत नाही. आणि रिफाइंड: हलक्या खोबऱ्याचं तेलसुद्धा धुऊन, रंग आणि वास काढून विकता येतं. तळणाला ते चालतं, जास्त ताप सोसतं. आमटीवर घालायचं असेल तर त्याचा उपयोग शून्य. "लाकडी घाणा" आणि "व्हर्जिन" एकाच बाटलीवर दिसलं तर दुकानदाराला विचारा, खोबरं सुकं की ओलं? निम्मे गडबडतात.

तेलाचा दर्जा घाण्यावर ठरत नाही, खोबऱ्यावर ठरतो. बुरशी धरलेलं खोबरं सागवानी घाण्यात घातलं तरी तेल खवटच निघणार. पांढरं दिसावं म्हणून खोबऱ्याला गंधकाची धुरी देतात, आणि धुरावर वाळवलेल्या खोबऱ्याच्या तेलाला धुराचा वास राहतो. तळहातावर चोळून वास घ्या. ओल्या नारळाचा किंवा भाजल्या खोबऱ्याचा आला तर घ्या. जुन्या फरसाणासारखा आला तर परत करा.

दुसरी कसोटी हिशेबाची. एक किलो चांगल्या सुक्या खोबऱ्यातून साधारण सहाशे ग्रॅम तेल निघतं, घाण्यात कमीच. म्हणजे एका लिटरला दीड किलोहून जास्त खोबरं लागतं. तेवढ्या खोबऱ्याच्या किमतीपेक्षा तेल बरंच स्वस्त मिळत असेल तर बाकीचं काय घातलंय ते विचारा. (घाणेवाला खोबरं घाऊक भावात घेतो आणि पेंडही विकतो, तेवढी सूट धरा.)

डोक्याला कुठलं लावावं यावर माझं मत विचारू नका. यापैकी कुठलंही लावा, मोगऱ्याचं सोडून. ते खाऊ तर मुळीच नका. आणि हो, खोबरेलातली ९० टक्क्यांच्या आसपास चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते, त्यातल्या लॉरिक आम्ल नावाच्या मेदाम्लाचं कितीही कौतुक ऐकलं असलं तरी. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. रोजची भाजी आमच्याकडेही शेंगदाणा तेलातच होते. खोबरेल फक्त माशांना आणि काजूच्या उसळीला.