नोड (जाळ्यातली संगणकं) सतत जोडले-तुटले जातात आणि काही लबाड आहेत: डिजिटल सही न वापरता, मिळालेला संदेश खरा आहे हे कसं ओळखायचं?

डिजिटल सही (संदेश मूळ पाठवणाऱ्याचाच आहे हे सिद्ध करणारी गणिती खूण) वापरायची नाही, असं तुम्ही म्हटलंय, म्हणून आधी त्याच अटीवर उत्तर देतो. ओळखता येतं, फक्त वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या संदेशाच्या प्रती मोजून बहुमत घेऊ नका. एकटा लबाड नोड खोट्या मार्गांची नावं लावून हव्या तितक्या प्रती पाठवेल. प्रत कोणाकोणाच्या हातून आली, ते बघायचं.

त्यासाठी प्रत्येक नोडने संदेश पुढे देताना तो ज्या शेजाऱ्याकडून मिळाला त्याचं नाव यादीत जोडायचं. शेजारी ओळखता येतो, एवढं गृहीत आहे. मग लबाडाने कितीही बनावट यादी रचली तरी पुढचा प्रामाणिक नोड त्याचं नाव टाकतोच.

समजा, लबाड जास्तीत जास्त एक आहे. एकच मजकूर तीन वाटांनी आला, आणि त्यांच्या याद्यांत मधल्या नोडची नावं अशी: अ-ब, ब-क आणि अ-क. यातल्या कुठल्याही दोन वाटा पूर्ण वेगळ्या नाहीत, तरी मी तो बेलाशक स्वीकारेन. मजकूर खोटा असता तर लबाडाचं नाव तिन्ही याद्यांत सापडलं असतं. तिन्हींत असलेलं नाव तर एकही नाही.

न बदलणाऱ्या जाळ्यात लबाडांच्या दुपटीपेक्षा किमान एक जास्त, एवढ्या स्वतंत्र वाटा लागतात. संगणकशास्त्रज्ञ डॅनी डोलेव यांनी हे 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं. तिथे वाटा मोजा किंवा सगळ्या वाटा अडवायला किमान किती नोड लागतात ते मोजा, आकडा एकच येतो (मेंगरचं 1927चं प्रमेय). जाळं बदलतं असलं की ही सोय जाते. समजा, आता अ आणि क ही टोकं आहेत आणि ब मधला नोड. ब-क दुवा 9 वाजता तुटला आणि अ-ब 10 वाजता जुळला, तर नकाशावर वाट दिसते, पण अकडून कला काहीच पोचत नाही. उलट दिशेने मात्र बने तासभर संदेश धरून ठेवला तर पोचतो! म्हणून इथे अडवायला लागणारे नोडच मोजायचे: लबाड 2 असतील तर किमान 5. मॉरर, तिक्सय आणि देफागो या संशोधकांचा 2015चा निबंध याच अटीवर आहे.

अडचण खर्चाची. याद्या भराभर फुगतात, आणि प्रत्येक यादीतलं किमान एक नाव ज्यात आहे असा लहानात लहान संच शोधणं एनपी-हार्ड आहे, म्हणजे त्यासाठी झटपट चालणारी सर्वसाधारण पद्धत माहीत नाही. त्यामुळे सही तपासायच्या किल्ल्या (गुप्त-सार्वजनिक संख्या) आधी वाटता येत असतील तर सहीचा हट्टी नकार सोडा, असं मी म्हणेन. मग लबाडाला मजकूर बदलता येत नाही, फक्त गिळता येतो, आणि 5 ऐवजी 3 पुरतात. सहीच्या आत अनुक्रमांक मात्र घाला, नाहीतर तो जुनाच खरा संदेश पुन्हा खपवेल.