‘अंग सैल सोडा’ म्हटलं की छातीत धडधडतं

ताई, वय ४९. कराडजवळच्या गावात राहते. सासूबाई ८१ वर्षांच्या. मागच्या दिवाळीत पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. रात्री दोन-तीनदा हाक मारायच्या, मीच उठायचे. आता त्या बऱ्यापैकी झोपतात, तरी मी अडीचला टक्क जागी होते. भाचीने मोबाईलवर चाळीस मिनिटांची योगनिद्रा, म्हणजे पडून ऐकायच्या अंग सैल सोडण्याच्या सूचना, लावून दिली. साडेदहाला पडले की ती लावते. एकतर पाच मिनिटांत डोळा लागतो आणि अडीचला जाग ती येतेच, नाहीतर ‘अंग सैल सोडा’ ऐकलं की छातीत धडधडायला लागतं. बीपीची गोळी चालू आहे. महिन्यातून दोन-तीनदा बहिणीच्या झोपेच्या गोळीतली अर्धी घेते. हे म्हणतात, तू मन लावून करत नाहीस. माझं नेमकं काय चुकतंय? – बिनपगारी रात्रपाळी

ताई, तुम्ही फार मन लावून करताय, म्हणूनच धडधडतंय. हाकेसरशी उठायचं वळण तुमच्या शरीराला लागलंय. कान अजून शेजारच्या खोलीत आहे. अशा शरीराला एकदम ‘सगळं सोडून दे’ म्हटलं, की पहारा टाकून जायला सांगितल्यासारखं वाटतं आणि ते दचकतं. त्यात लक्ष आत वळलं की एरवी न जाणवणारे ठोके कानाशी ऐकू येतात. ते ऐकून भीती वाटते, भीतीनं ठोके आणखी वाढतात. हे पुष्कळ जणांना होतं. मात्र जिना चढताना किंवा दिवसा कामात असतानाही धडधडत असेल, दम लागत असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा.

दुसरी गोष्ट. योगनिद्रा हे झोपेचं औषध म्हणून तुमच्या हाती दिलं गेलं, तिथेच गाडी चुकली. आज मोबाईलवर जी ऐकू येते, तिची बांधणी मुख्यतः बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींची. तंत्रातल्या न्यासात मंत्र म्हणत एकेका अवयवाला स्पर्श करतात. सत्यानंदांनी स्पर्शाच्या जागी नुसतं लक्ष ठेवलं. त्या पद्धतीत झोपायचं नसतं, झोपेच्या उंबरठ्यावर जागं राहायचं असतं. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातही, योगनिद्रा ज्यात पडून करतात त्या शवासनाला ‘श्रान्तिहर’ आणि ‘चित्तविश्रान्तिकारक’ म्हटलंय. थकवा जातो, मनाला विसावा मिळतो, एवढाच दावा. आणि ‘एक तास योगनिद्रा म्हणजे चार तासांची झोप’ असं कुणी सांगितलं तर त्यावर हिशेब मांडू नका. झोपेची भरपाई झोपेनंच होते.

म्हणून पहिले १४ दिवस रात्री मोबाईल लावायचा नाही. सराव दिवसा. शिथिल होणं ही सवय आहे, आणि नवी सवय रात्री अडीचला, चिडलेल्या अवस्थेत शिकता येत नाही. तुमच्यासाठी दुपारच्या जेवणाआधीची किंवा संध्याकाळी पाचच्या सुमाराची वीस मिनिटं बरी. जेवल्यावर दीड-दोन तास तरी जाऊ द्यात, नाहीतर नुसती डुलकी लागेल. त्या वेळात सासूबाईंजवळ कुणीतरी बसलेलं हवं. हे जमवल्याशिवाय सुरू करू नका. कान तिकडेच राहिला तर वीस मिनिटं वाया जातात.

पलंगावर नको, जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर दुहेरी गोधडी घाला. आंबाडा सोडा, क्लिप काढा. डोक्यामागे गाठ आली की मान वाकडी राहते आणि दहाव्या मिनिटाला दुखायला लागते. उशी पातळ, दोन-तीन बोटं जाडीची. कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहिलं पाहिजे. हनुवटी छताकडे गेली तर घसा ताणला जातो. गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेली घोंगडी घ्या, म्हणजे कंबर जमिनीला टेकेल. टाचांत फूटभर अंतर, हात अंगापासून वीतभर लांब, तळवे वर. खांदे आखडले असतील तर तळवे आडवे राहिले तरी चालेल. अंगावर शाल घ्याच. पडून राहिलं की अंग गार पडत जातं आणि थंडीनं स्नायू पुन्हा आवळतात.

आता ते धडधडणं. ‘सैल सोडा’ ही सूचना सध्या पूर्ण गाळा. आधी आवळायचं. उजवी मूठ पाच-सहा सेकंद घट्ट वळा, मग एकदम उघडा आणि वीसेक सेकंद नुसतं बघा, हात कसा झालाय. मग डावी मूठ. मग पायाची बोटं आपल्याकडे ओढून सोडा. पोटरीत गोळा येत असेल तर हे हलक्या हातानं. मग खांदे कानांकडे उचलून सोडा. ही पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरची, गेल्या शतकाच्या पूर्वार्धातली, आणि भिणाऱ्या माणसाला ती योगनिद्रेआधी फार कामाला येते. शरीराला काहीतरी करायला मिळतं, सोडणं आपोआप घडतं. बीपी असल्यामुळे जोर निम्माच लावा आणि आवळताना श्वास कोंडू नका.

डोळे पहिल्या आठवड्यात अर्धे उघडे ठेवले तरी चालेल. मग बाहेरचे आवाज: एसटीचा हॉर्न, कुकरची शिट्टी, कावळा. एकावरून दुसऱ्यावर जायचं, कुठे थांबायचं नाही. दोन मिनिटं. त्यानंतर शरीरभ्रमण, म्हणजे एकेका अवयवावरून लक्ष फिरवत जाणं. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी, तळवा, हाताची पाठ, मनगट, कोपर, खांदा, काख, कुशी, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, टाच, तळपाय, पायाचा अंगठा, मग उरलेली चार बोटं. तसंच डावीकडे. मग पाठ खालून वर, शेवटी चेहरा. छाती तूर्त वगळा.

इथे बहुतेकांची एक चूक होते: वेग. माणसं एकेका अवयवावर रेंगाळतात, ‘सैल झाला का?’ असं तपासत बसतात. तपासणी सुरू झाली की मन कामाला लागलंच. एका अवयवाला एक-दोन सेकंद, नाव घेतलं की पुढे. एखादा सुटला तर मागे जायचं नाही. हे वेगानं चाललं की विचाराला शिरायला फट राहत नाही. अनेक रेकॉर्डिंगांत प्रत्येक अवयवानंतर लांब शांतता आणि मागे बासरी असते. कानाला गोड लागतं, पण तुमच्यासारख्या जागत्या मनाला त्या शांततेत उद्याची भाजी आठवते.

म्हणून स्वतःच रेकॉर्ड करा. भाचीचा आवाज आवडत असेल तर तिला सांगा. मराठीत, आपण घरात बोलतो तसं: ‘उजव्या हाताचा अंगठा… तर्जनी… मधलं बोट…’ सगळं मिळून १८ ते २० मिनिटं. फोन विमान मोडवर टाका आणि इंटरनेटवरून लावणं बंदच करा. संपल्यावर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, मध्येच मोठ्या आवाजात जाहिरात येते, आणि जेमतेम निवलेलं अंग खाडकन जागं होतं. तुमची पहिली झोप अशी मोडत नाही ना, तेही बघा.

शरीरभ्रमणानंतर श्वास. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीतली एक सूचना तुम्हाला मानवेल: आत येणारी हवा नाकपुडीशी गार लागते, बाहेर जाणारी कोमट, तेवढंच जाणवून घ्यायचं. लक्ष नाकाच्या शेंड्यावर राहतं, छातीतल्या ठोक्यांवर जात नाही. मग २७ पासून १ पर्यंत उलटे आकडे, एका उच्छ्वासाला एक. आकडा विसरला तर पुन्हा २७. श्वास मुद्दाम लांबवू नका.

योगनिद्रेत पुढे येणारा जड-हलकं, गरम-गार या संवेदनांचा आणि समुद्र, देऊळ वगैरे चित्रांचा टप्पा पहिले दोन आठवडे नकोच. संकल्प करायचा असेल तर ‘मला झोप लागू दे’ हा करू नका. त्यानं रोज सकाळी निकाल लावायची सवय लागते. उठताना आधी बोटं हलवा, उजव्या कुशीवर वळून अर्धा मिनिट थांबा, हाताचा आधार घेऊन बसा, मग उभ्या राहा. बीपीच्या गोळीवर झटकन उठलं तर चक्कर येऊ शकते. धडधड सुरू झालीच तर सगळं सोडून कुशीवर वळा, डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. त्या दिवसापुरतं तेवढंच.

पंधराव्या दिवसापासून रात्री. तेव्हाही पूर्ण वीस मिनिटं नकोत. सराव मुरला की अंगठ्यापासून पायापर्यंत एक फेरी, रेकॉर्डिंगशिवाय, मनातल्या मनात. तीन-चार मिनिटांचं काम. मध्ये झोप लागली तर लागू द्यात, रात्री ती चूक नाही. अडीचला जाग आली तर घड्याळ बघायचं नाही. ते भिंतीवरून काढून ठेवा, मोबाईल हाताला लागणार नाही असा ठेवा. एक फेरी, मग २७ ते १. अंदाजे वीस मिनिटं झाली आणि चिडचिड व्हायला लागली, तर उठून मंद उजेडात खुर्चीवर बसा, पेंग आली की परत या. अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, ही शरीराची पक्की झालेली समजूत अशीच हळूहळू मोडते. आणि साडेदहाऐवजी सव्वाअकराला पडून पाहा. उठायची वेळ रोज तीच, रात्र कितीही वाईट गेली तरी. तीननंतरची डुलकी बंद, संध्याकाळच्या चहातला दुसरा कप बंद.

बहिणीची गोळी मात्र आजपासून नको. तिचं वय, तिचा आजार, तिचा डोस वेगळा. रात्री तुम्हाला उठून म्हाताऱ्या माणसाला धरायचं असतं. गोळीच्या गुंगीत तुम्ही दोघीही पडाल. तुम्ही क्वचितच घेता म्हणून हे सांगता येतं. रोज घेत असतात त्यांनी ती मनानं एकदम थांबवू नये. बीपीची गोळीही बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. डॉक्टरांना थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा. जाग घामानं भिजून येत असेल तर पाळी जाण्याच्या काळातली असू शकते, तेही मोकळेपणानं बोला.

आता राहिलं ते सगळ्यात अवघड. पहारा तुम्हा एकटीचाच राहिला तर कुठल्याही योगनिद्रेला मर्यादा आहे. ‘मन लावून करत नाहीस’ म्हणणाऱ्यांनी आठवड्यातल्या तीन रात्री वाटून घ्यायला हव्यात. हे रात्री, दमलेलं असताना बोलू नका. सकाळच्या चहाच्या वेळी बोला, आणि वार ठरवूनच: सोमवार, गुरुवार, शनिवार. सासूबाईंच्या उशाशी दाबायची बिनतारी घंटी ठेवा. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. तिचा वाजणारा डबा ज्याची पाळी त्याच्या उशाशी. त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून. पहिल्या शनिवारी तुम्हाला अडीचला जाग येईलच. सासूबाई सवयीनं तुमचंच नाव घेतील. ह्यांना ती हाक कदाचित ऐकू येणार नाही. घंटी वाजेल, ती ऐकू येईल. त्यांना उठायला दोन मिनिटं लागली तरी लागू द्यात. तुम्ही दार उघडू नका.