शिवी टिपताना एवढं बघ

भावा, कोल्हापुरी बोलीवर लिहायला बसलायस, तर शिव्या वगळू नकोस. पण नुसत्या गोळाही करू नकोस. कोण कुणाला म्हणालं, कुठं, कसल्या सुरात, हे शब्दाशेजारीच टीप. रंकाळ्यावर जिवलग मित्र भेटला की 'रांडेच्या, होतास कुठं?' ही मायाच असते. तेच परक्याला म्हटलं की थेट कॉलरला हात.

आता जरा मागं जा. 'रांड' म्हणजे आधी विधवा. आपल्याकडं 'रंडकी' त्याच अर्थानं अजून कानावर येतं. नवरा गेला एवढ्यानं बाईसाठीचा शब्द शिवी व्हावा, हे मला फार लागतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा, म्हणजे नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, बंद करायचा ठराव केला, तो या नोंदीत यायलाच हवा.

जातीवाचक शब्दांना मात्र दोस्तीची सवलत नाही. 'हरिजन' एके काळी आदरानं वापरलं जायचं, पण ज्यांच्यासाठी ते होतं त्यांच्यातल्या अनेकांनीच नाकारलं. १९७२ मध्ये दलित पँथरनं 'दलित' हे नाव अभिमानानं घेतलं. अशा नोंदी छापण्याआधी त्या माणसांना वाचून दाखव. ते 'काढ' म्हणाले तर काढ.