मोझॅक झाकण्याआधी भिंतीतले पाइप बघा

प्रश्न : कोथरूडला आमचा ६५० चौ. फूट कार्पेटचा टू बीएचके आहे. इमारत १९९१ची, चार मजली. फ्लॅट आम्ही २००४ साली रीसेलमध्ये घेतला, कर्ज फिटलं आहे. घर फार जुनाट दिसतं म्हणून नूतनीकरण करायचं ठरवलं. कॉन्ट्रॅक्टरने १४,२०,००० रुपयांचं कोटेशन दिलं आहे. मिस्टर ५४ वर्षांचे, खासगी कंपनीत आहेत, ५८ला निवृत्त होतील. हातात महिना १,०५,००० येतात, घरखर्च ६०,०००, एसआयपी २०,०००. तीन एफडी मिळून ९ लाख, पीपीएफ १६ लाख, म्युच्युअल फंड ११ लाख, ईपीएफ वेगळा. मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणाला दोन वर्षांनी साधारण ६ लाख लागतील. सगळ्या एफडी मोडून उरलेल्या रकमेसाठी १३ टक्क्यांनी पाच वर्षांचं पर्सनल लोन घ्यावं का? सोसायटीत रीडेव्हलपमेंटची चर्चा अधूनमधून होते. तसं घर ठीक आहे; सकाळी पहिली दोन मिनिटं नळाला तांबूस पाणी येतं, खालच्या मजल्यावरचे बाथरूमच्या छताला ओल आल्याचं सांगतात आणि गिझर-मायक्रोवेव्ह एकदम लावले की फ्यूज उडतो.

उत्तर : ताई, पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे. तांबूस पाणी, खाली ओल आणि उडणारा फ्यूज, या तिन्हींवर कोटेशनमध्ये एक रुपयाचीही स्पष्ट तरतूद नाही.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन असं आहे : जुन्या मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल १,९५,०००, मॉड्युलर किचन ३,४०,०००, फॉल्स सीलिंग आणि लाइट १,६०,०००, दोन्ही बाथरूम २,६०,०००, वॉर्डरोब आणि टीव्ही युनिट २,८५,०००, रंग ९५,०००, खिडक्या ८५,०००. वायरिंगची ओळच नाही. बाथरूमच्या ओळीत टाइल आणि फिटिंग्ज आहेत, वॉटरप्रूफिंग हा शब्द नाही. आणि अगदी खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी एक्स्ट्रा’ आहे. अशा कामावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी २,५५,६००. तुमचं काम १४ लाखांचं नाही, पावणेसतरा लाखांचं आहे.

आता तुमची योजना या आकड्यावर लावून पाहू. ९ लाखांच्या एफडी संपल्यावर ७,७५,६०० कर्ज लागेल. १३ टक्क्यांनी ६० महिन्यांचा हप्ता साधारण १७,६५० आणि एकूण व्याज २ लाख ८३ हजारांच्या आसपास. आज एसआयपी वजा जाता तुमच्याकडे महिन्याला २५,००० शिल्लक राहतात, त्यातले सात-साडेसात हजार उरतील. एफडी शून्य, मुलीची फी दोन वर्षांवर आणि शेवटचे काही हप्ते मिस्टर निवृत्त झाल्यानंतरचे. त्या काळात एखादं आजारपण आलं तर पीपीएफलाच हात घालावा लागेल. त्यामुळे या रूपात माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे. घर नीट करूच नका असं मात्र मी म्हणत नाही. पाच लाखांचं काम तर तुम्ही यंदाच करायला हवं.

त्याआधी रीडेव्हलपमेंटचं कोडं सोडवा, कारण खर्च किती वर्षांवर वाटला जाणार हे त्यावर ठरतं. पावणेसतरा लाख पंधरा वर्षं वापरले तर वर्षाला १ लाख १२ हजार पडतात. पाच वर्षांत इमारत पाडली तर ३ लाख ३५ हजार. विकताना हा पैसा परत मिळेल अशी आशाही धरू नका. पस्तिशीच्या घरातल्या इमारतीत गिऱ्हाईक चटई क्षेत्र, पार्किंग आणि रीडेव्हलपमेंट विचारतं, लॅमिनेट कोणत्या कंपनीचं हे विचारत नाही.

चर्चा गच्चीवरची आहे की कागदावरची, हे कळायला सेक्रेटरींना तीन गोष्टी विचारा. पहिली, सोसायटीचं कन्व्हेयन्स झालं आहे का, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव लागलं आहे का. नसेल आणि डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी अधिकाऱ्याकडून जमीन नावावर करून घेण्याचा, अर्जही नसेल, तर बिल्डर कितीही चकरा मारोत, गाडी अजून स्टेशनातच आहे. दुसरी, स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ते व्हायला हवं. अहवाल मागून वाचा. सळ्या गंजल्याचं किंवा कॉलमला तडे असल्याचं त्यात असेल, तर तुमचा सगळा बेत बदलेल. तिसरी, ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालची, रीडेव्हलपमेंटसाठीची विशेष सर्वसाधारण सभा झाली आहे का. विकसनाचा करारनामा नोंदवला गेला असेल, तर फक्त गळती आणि वायरिंगपुरतं बघा, बाकी काही करू नका. कन्व्हेयन्सच नसेल तर पाच-सात वर्षं तरी हे घर तुमचंच आहे, असं धरून चालायला माझी हरकत नाही. पुढचा हिशेब मी तसाच धरला आहे.

नळाच्या पाण्यापासून सुरुवात करू. त्या काळच्या इमारतींत भिंतीतून जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप आहेत. आतला जस्ताचा थर गेला की लोखंड गंजतं, गंज आतल्या बाजूने साचत जातो आणि अर्ध्या इंची पाइपाचं भोक अरुंद होत जातं. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी सकाळी तांबूस येतं ते यामुळे. एखादा तुकडा बदलून भागत नाही, कारण छिन्नीच्या हादऱ्याने पुढचा गंजलेला सांधा सुटतो. माळ्यावरच्या टाकीपासून सगळी लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लॅस्टिकची) करा. नळ बसतो त्या जागी पितळी आट्याचं फिटिंग घ्या, नुसत्या प्लॅस्टिकच्या आट्यावर नळ आवळला की तो चिरतो. प्लास्टर करण्याआधी सगळी तोंडं बंद करून लाइन २४ तास दाबाखाली ठेवायला सांगा. आणि उघड्या भिंतीला टेप लावून प्रत्येक पाइपाचे फोटो काढा, म्हणजे उद्या आरशासाठी ड्रिल मारताना पाइप कुठे आहे हे शोधत बसावं लागणार नाही.

खालच्यांच्या छतावरची ओल ही बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेची किंवा भरावात मुरलेल्या पाण्याची असते. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवून किंवा सांध्यांत पांढरं सिमेंट भरून ती थांबत नाही. चार महिने लपते आणि मग नव्या टाइलसकट फोडावं लागतं. म्हणून टाइल, खालचा भराव सगळं स्लॅबपर्यंत काढा. ट्रॅप आणि त्याचा आडवा पाइप बदला. ट्रॅपभोवतीची पोकळी नॉन-श्रिंक (सुकल्यावर न आकसणाऱ्या) ग्राउटने भरा. स्लॅबवर पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला काटकोनात, भिंतीवर फूटभर वर चढवून आणि शॉवरच्या भिंतीला सहा फुटांपर्यंत. मग बोळा मारून पाणी भरून ठेवा, किमान ४८ तास. या काळात खालच्यांच्या घरी जाऊन छत स्वतः बघा. कोरडं असेल तरच ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, मग टाइल. टाइलचा उतार ट्रॅपकडे शंभरास एक. या सगळ्यात आठवडा जास्त जातो म्हणून कॉन्ट्रॅक्टर पाण्याची चाचणी टाळू बघतो. ती टाळू देऊ नका. दोन्ही बाथरूम एकदम फोडू नका. एक वापरात ठेवलं की भाड्याने राहायला जायचा खर्च वाचतो.

बाहेरच्या भिंतीवरचे उभे ड्रेनेज पाइप सोसायटीचे, आतली गळती सभासदाची. काम सुरू करण्याआधी सोसायटीला पत्र देऊन बाहेरचा पाइप तपासून घ्या, नाहीतर तुमचं नवं कनेक्शन फुटक्या पाइपाला जोडलं जाईल.

फ्यूजचं थोडक्यात. २,००० वॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या जवळ ओढतो, मायक्रोवेव्ह आणखी पाच-सहा. दोन्ही एका सर्किटवर आहेत म्हणून फ्यूज जातो. त्यावर कोणी फ्यूजला जाड तार बांधून देत असेल तर त्याला थांबवा : मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायर तापते. पूर्ण वायरिंग नवं करा. दिवे-पंख्यांना १.५ चौ. मिमी, १६ अँपिअरच्या पॉइंटला २.५, गिझर आणि एसीला स्वतंत्र ४ चौ. मिमीची वायर. प्रत्येक पॉइंटला खरं अर्थिंग. जुन्या घरात तीन पिनांचा सॉकेट असतो आणि मागे अर्थची तार नसते. एमसीबीबरोबर (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

आता तुमचा मोझॅक. तो तुम्हाला जुनाट वाटतो, पण तडे गेलेले नसतील तर त्याच्याइतकी टिकाऊ फरशी पुन्हा मिळायची नाही. डायमंड पॉलिश करून घ्या, ३०,००० च्या आसपास काम होईल. शिवाय वजनाचा प्रश्न आहे. मोझॅकवर दोन इंच मॉर्टर घालून टाइल बसवली तर चौरस मीटरला सव्वाशे किलोपर्यंत भार वाढतो. ६५० चौ. फूट म्हणजे ६० चौ. मीटर, म्हणजे साडेसात टनांपर्यंत. राहत्या घराचा स्लॅब माणसं-सामानासाठी चौरस मीटरला २०० किलो धरून आखलेला असतो. त्यातला निम्म्याहून अधिक तुम्ही फरशीतच संपवाल. नुसत्या ॲडेझिव्हवर बसवली तर वजन कमी, पण तरी अर्धा इंच उंची वाढते आणि सगळे दरवाजे खालून तासावे लागतात. ते दरवाजे सागवानी असतील तर काढूही नका, घासून पॉलिश करा.

फॉल्स सीलिंग मी यादीतून सरळ काढतो आहे. वरच्यांचं बाथरूम उद्या गळलं तर ते जिप्सममागे महिनोन्महिने दिसणार नाही. वॉर्डरोबही थांबू शकतात. किचनमध्ये ओट्याखाली एसएस ३०४च्या (स्टेनलेस स्टीलच्या) ट्रॉल्या आणि आयएस ७१० मार्कचं (पाण्यात टिकणारं) १८ मिमी प्लायवूड एवढं घ्या. सिंकखाली एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड नको, पहिल्या गळतीत फुगतो.

नवा हिशेब, करासकट अंदाजाने : दोन्ही बाथरूम वॉटरप्रूफिंगसह ३,००,०००, बाकीची पाण्याची लाइन ६०,०००, वायरिंग १,४०,०००. हे झाले पाच लाख आणि हा पहिला टप्पा. किचन १,६०,०००, खिडक्या १,००,०००, पॉलिश ३०,०००, रंग १,१२,०००. हे ४,०२,००० दुसऱ्या टप्प्यात. जुनी भिंत फोडल्यावर आत काय निघेल सांगता येत नाही, म्हणून पहिल्या टप्प्यावर १५ टक्के, म्हणजे ७५,००० वेगळे ठेवा.

पहिला टप्पा एफडीतून. हातात सव्वातीन लाख उरतात, म्हणजे पाच महिन्यांचा घरखर्च. याहून खाली जाऊ नका. दुसरा टप्पा महिन्याच्या शिल्लक २५,००० मधून : सतरा महिन्यांत ४,२५,००० जमतात. कर्ज लागतच नाही. मुलीच्या सहा लाखांसाठी म्युच्युअल फंडातून आतापासूनच थोडी थोडी रक्कम काढून एफडीत आणत राहा. दोन वर्षांवरचा खर्च शेअर बाजारावर ठेवणं मला पटत नाही. पीपीएफला हात लावू नका.

याची किंमत एकच आहे : वर्ष-दीड वर्ष भिंतींवर वायरिंगच्या झिऱ्यांचे बुजवलेले पट्टे दिसतील. त्यावर पुट्टी आणि प्रायमर मारून घ्या आणि सोसा. पण किचनचा आराखडा आत्ताच पक्का करा. सिंक, आरओ, चिमणी, मायक्रोवेव्ह कुठे येणार हे कागदावर मापांसह हवं, नाहीतर दुसऱ्या टप्प्यात नव्या भिंती पुन्हा फोडाव्या लागतील. दुसऱ्या टप्प्याचा क्रम खिडक्या, किचन, पॉलिश आणि शेवटी रंग. पॉलिशचा गाळ भिंतीच्या खालच्या फूटभरावर उडतो.

कॉन्ट्रॅक्टर हप्त्यांची सोय देऊ करेल. ‘फक्त दहा टक्के फ्लॅट’, म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज, असं म्हणाला तर लक्षात ठेवा, पाच वर्षांसाठी तो दर घटत्या शिलकीवर सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास जातो. निम्मे पैसे आगाऊ देऊ नका. सुरुवातीला २० टक्के, मग पाइपांची चाचणी, पाण्याची चाचणी, टाइल अशा टप्प्यांवर, आणि शेवटचे १० टक्के महिनाभर वापरून झाल्यावर. बिलाशिवाय काम करून जीएसटी वाचवायचा मोह होईल. पण उद्या फ्लॅट विकलात तर पाइप, वायरिंग, बाथरूम असा सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा मिळतो, तो बिलं असतील तरच. रंगरंगोटी त्यात धरली जात नाही.

तुमच्या चार लाखांच्या एफडीची मुदत नोव्हेंबरात संपते, असं तुम्ही लिहिलं आहे. ती मोडू नका, मुदत संपू द्या. उरलेल्या पावणेदोन लाखांसाठी दोन लाखांची एफडी मोडा, तीन लाखांची तशीच ठेवा. दिवाळीआधी तसेही चांगले कारागीर मिळत नाहीत. तोवर सेक्रेटरींकडून प्रॉपर्टी कार्ड आणि ऑडिटचा अहवाल बघून घ्या, सोसायटीला परवानगीचं पत्र द्या आणि या कॉन्ट्रॅक्टरसह आणखी दोघांकडून फक्त पहिल्या टप्प्याचं, करासकट, वॉटरप्रूफिंगची प्रत्येक पायरी लिहिलेलं कोटेशन मागवा.