'जॉज' पहिल्यांदा बघणार असशील तर

आधी स्टीव्हन स्पिलबर्गने दिग्दर्शित केलेला १९७५ चा हा माणसं खाणाऱ्या शार्कचा सिनेमा बघ, पीटर बेंचली यांची १९७४ ची कादंबरी मागाहून वाच. उलटं केलंस तर शार्कतज्ज्ञ हूपर आणि पोलीसप्रमुख ब्रॉडीची बायको यांच्या प्रेमप्रकरणातच अडकशील. स्पिलबर्गने ते अख्खं काढून टाकलं, आणि माझ्या मते सिनेमा तिथेच कादंबरीच्या पुढे गेला.

शार्क कधी दिसतो याची वाट बघत बसू नकोस. यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून तो फार थोडा दाखवता आला. त्याऐवजी शार्कला भाल्याच्या दोरीने अडकवलेली ती पिवळी पिंपं बघ. पाण्यावरून सरसर ओढलं जाणारं पिंप अचानक बुडतं ना, तेव्हा पोटात गोळा येतो. कानही उघडे ठेव. दोन पोरं शार्कचा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा शार्क येताना वाजणारे संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन सूर वाजतच नाहीत!

शार्कवर मात्र राग धरू नकोस हं. खुद्द बेंचली पुढे शार्क वाचवण्यासाठी झटले.

आणि मोबाइलवर तुकड्यातुकड्यांत नको. रात्री, दिवे मालवून, एका बैठकीत बघ.